नगरकर नगरात का सापडत नाहीत?



मागच्या व्याख्यानानंतर एक वयस्कर गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आमचं आडनाव नगरकर. पण आमच्या घरात कोणी नगर पाहिलेलं नाही. आजोबा बडोद्याचे, पणजोबाही बडोद्याचे. मग आम्ही नगरकर कसे?" मी घाईत होतो. म्हटलं, "तुमचे पूर्वज नगरचे असतील." ते मान हलवून गेले. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की आपण त्यांना फारच स्वस्तात वाटेला लावलं. प्रश्न साधा नव्हता. म्हणून आज त्यांच्याच प्रश्नावर बोलायचं ठरवलं आहे. ते आज आले आहेत की नाही, माहीत नाही. आले असतील तर उशिराच्या उत्तराबद्दल माफी असावी.

सुरुवातीला एक घोटाळा दूर करू. 'नगरकर' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. वर्तमानपत्रात मथळा येतो, 'पाणीटंचाईने नगरकर हैराण'. तिथं नगरकर म्हणजे आज नगरमध्ये राहणारा माणूस, मग त्याचं आडनाव शिंदे असो, शेख असो, गांधी असो नाहीतर फिरोदिया असो. दुसरा नगरकर म्हणजे आडनावाचा. तो पुण्यात असतो, मुंबईत असतो, बडोद्यात असतो, इंदुरात असतो. पहिला नगरकर स्वतःला अभिमानानं नगरकर म्हणवून घेतो. दुसऱ्याला ते नाव बहुतेक वेळा दुसऱ्यांनी दिलेलं असतं. हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता असं बघा. समजा आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या नगरमध्ये उभे आहोत. माळीवाड्यात किंवा तोफखान्यात एक गोविंदराव राहतात. त्यांना शेजारी काय म्हणतील? 'गोविंदराव नगरकर' म्हणतील का? नाही म्हणणार. कारण सगळेच नगरचे. त्या नावानं कुणाची ओळख पटणार नाही. ते एक तर कुळाच्या नावानं ओळखले जातील, किंवा धंद्याच्या, किंवा वतनाच्या. पण हेच गोविंदराव पोटापाण्यासाठी पुण्याला गेले, तिथं एखाद्या सावकाराच्या पेढीवर कारकून झाले, की पहिल्याच आठवड्यात पेढीवरचे लोक म्हणणार, "कोण गोविंदराव? ते नगरकर का?" बस्स, आडनाव तयार. नातवापर्यंत ते टिकलं की मग जुनं काय होतं, ते घरातही कुणी विचारत नाही.

म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव गावात तयार होत नाही. ते गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावात तयार होतं. पुणेकर आडनावाची माणसं पुण्याबाहेर शोधावीत, सातारकर साताऱ्याबाहेर, आणि नगरकर नगरबाहेर. नगरात नगरकर आडनावाचं घर सापडलंच, तर बहुधा मधल्या कुठल्यातरी पिढीनं बाहेर जाऊन पुन्हा घरची वाट धरलेली असते.

मग गावात राहिलेल्यांची आडनावं कुठली? आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्याची मतदारयादी उघडा. शिंदे, पवार, जाधव, गायकवाड, काळे, थोरात, ही कुळाची नावं. त्यांच्या जोडीला सुतार, लोहार, कुंभार, ही बलुत्याची. आणि तिसरी वतनाची: पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. नगरकडची एक खोड अशी, की इथं पाटीलकी पुष्कळदा कुळाच्या नावाला जोडून येते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे विठ्ठलराव, ते विखे पाटील. विखे हे कूळ आणि पाटील हा हक्क, दोन्ही एकत्र.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे का? मुळीच नाही. आणि त्यासाठी मी तुम्हाला थोडं जर्मनी आणि हॉलंडकडे नेणार आहे. नगरला जर्मन आडनावं तशी परकी नाहीत. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना धरून आणलं, त्यांची मोठी छावणी नगरलाच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पुन्हा तेच झालं. तिबेटवरच्या पुस्तकामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर कराचीत पकडला गेला, तेव्हा त्यालाही आधी नगरला आणलं आणि नंतर डेहराडूनला हलवलं. छावणीत रोज हजेरी होत असणार, आणि आपल्या मुलखातल्या कुठल्यातरी शिपायाला म्युलर, शुल्त्स, मायर ही नावं उच्चारताना घाम फुटत असणार. (हशा) पण त्या शिपायाला कुणी अर्थ सांगितला असता, तर ती नावं त्याला घरचीच वाटली असती.

शुल्त्स हे आडनाव घ्या. शुल्त्से, शोल्त्स अशी त्याची बरीच रूपं आहेत. डच भाषेत त्याचंच भावंडं म्हणजे स्खाउटन, स्खोल्टन. हा शब्द एका जुन्या हुद्द्यावरून आला. गावकऱ्यांकडून देणं वसूल करणारा, गावचे तंटे ऐकणारा, सरकार आणि गाव यांच्या मध्ये उभा असणारा माणूस. आपल्या भाषेत सांगायचं तर पाटील! मायर म्हणजे जमीनदाराच्या शेतीचा कारभार बघणारा. म्युलर म्हणजे चक्कीवाला, श्मिट म्हणजे लोहार. गावोगाव एक चक्की, एक लोहार असणारच, म्हणून ही आडनावं जर्मनीत सगळ्यांत जास्त पसरलेल्यांपैकी आहेत. आपल्याकडे कुलकर्णी गावोगाव सापडतात, त्याचं कारण हेच. कुलकर्णी हे एका घराण्याचं नाव नाही. गाव तिथं कुलकर्णी होता, म्हणून ते आडनाव इतकं झालं. दोन कुलकर्ण्यांचं नातं असेलच असं नाही, जसं दोन शुल्त्सांचं नसतं.

आता गावावरून पडलेली नावं. आपण ज्याला व्हॅन गॉग म्हणतो, तो चित्रकार हॉलंडमधल्या झुंडर्टचा. पण त्याच्या आडनावातलं गॉग म्हणजे गॉख, आणि हे गाव आज जर्मनीत आहे, डच सरहद्दीला लागून. 'फान' म्हणजे 'चा', अमक्या गावचा. तेव्हा मराठीत त्याला 'गॉखकर' म्हणायला हरकत नाही. त्याच्या पूर्वजांनी गाव सोडलं, सरहद्द ओलांडली, आणि नाव मागून चालत आलं. दुसरं उदाहरण फेलिक्स फ्रँकफर्टर यांचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. आडनाव फ्रँकफर्टर, जन्म १८८२ सालचा, व्हिएन्नातला. म्हणजे आपले बडोद्याचे नगरकरच की! हॉलंडमध्ये आज सर्वांत जास्त सापडणाऱ्या आडनावांत 'डे फ्रीस' येतं. अर्थ, फ्रीसलंड प्रांतातला माणूस. तेही नाव फ्रीसलंडच्या बाहेर गेल्यावरच उपयोगाचं.

पण तिथं एक गोष्ट अशी घडली, जी आपल्याकडे तशी घडली नाही. १७८७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटानं, दुसऱ्या जोसेफनं, ज्यू प्रजेला हुकूम दिला की प्रत्येकानं कायमचं आडनाव घ्यायचं. १८११ मध्ये हॉलंड नेपोलियनच्या ताब्यात होतं. त्यानं फर्मान काढलं, ज्यांना आडनाव नाही त्यांनी ते नोंदवावं. सरकारला कर हवा होता, सैन्यात भरती हवी होती, त्यासाठी माणूस कागदावर पकडून ठेवायला हवा होता. आपल्याकडे १८१८ ला पेशवाई गेली, इंग्रज आले, पण 'आडनाव घ्या' असा एक हुकूम कुणी काढला नाही. आपल्याकडे ते हळूहळू झालं. शाळेच्या दाखल्यात, कोर्टाच्या कागदात, पलटणीच्या हजेरीत, गिरणीच्या पगारपत्रकात. कारकुनानं विचारलं, "आडनाव?" आणि समोरच्यानं त्या क्षणी जे सांगितलं, किंवा कारकुनाला जे ऐकू आलं, ते कायम झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नगर सोडून माणसं गेली का, आणि कधी?

हे शहर वसवलं मलिक अहमद निजामशहानं. १४९० मध्ये त्यानं इथं बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच जागेवर शहर उभारलं. शंभर वर्षं ते दख्खनच्या मोठ्या राजधान्यांपैकी एक होतं. राजधानी म्हणजे कारकून, सराफ, विणकर, शिलेदार, वैद्य, सगळे आले. मग १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, किल्ला मोगलांनी घेतला. १६३० चा भयंकर दुष्काळ आला. १६३६ मध्ये निजामशाही संपली. पुढे मोगल सुभेदार होते, औरंगजेब १७०७ मध्ये इथंच भिंगारजवळ वारला, पण राजधानीपण काही परत आलं नाही. मराठ्यांनी १७५९ मध्ये किल्ला घेतला खरा, पण तोवर कारभाराचं केंद्र पुणं झालं होतं. लिहिता-वाचता येणाऱ्याला, हुन्नर असणाऱ्याला पुणं ओढत होतं. तिथून पुढे गायकवाडांबरोबर बडोदा, होळकरांबरोबर इंदूर, शिंद्यांबरोबर ग्वाल्हेर. राजधानी मोडली की आडनावं जन्माला येतात, असं म्हणायला हरकत नाही. तुमचे पणजोबा बडोद्याचे, त्यामागं असं काहीतरी असू शकतं.

आता एक गंमत. शहराचं नाव अहमदनगर. मग आडनाव 'अहमदनगरकर' का नाही? कारण लोकांच्या तोंडी ते गाव नेहमी नुसतं 'नगर' होतं. आजही एसटीत बसल्यावर तुम्ही "एक नगर द्या" म्हणता. आडनाव दरबारी कागदातून आलेलं नाही, ते बोलण्यातून आलं. म्हणून त्यात बादशहाचं नाव शिरलंच नाही.

आणि त्या बादशहाच्या घराण्याचं तरी काय? निजामशहा स्वतःला 'बहिरी' म्हणवत. फिरिश्ता हा इतिहासकार काही काळ नगरच्याच दरबारी होता. तो सांगतो, की मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, आणि बापाचं नाव भैरव. त्या भैरवचं दरबारात बहिरी झालं. पाथरी म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातलं. पुढे बुरहान निजामशहानं पाथरी मिळावी म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागणी केली, तो देईना म्हणून लढाई करून ती घेतली. कारण काय, तर ते आमच्या वाडवडिलांचं गाव! मराठी रीतीनं बघितलं तर नगर वसवणारे हे लोक 'पाथरीकर' होते. धर्म बदलला, भाषा बदलली, सिंहासन मिळालं, पण सोडलेल्या गावाची ओढ काही सुटली नाही.

आतापर्यंत मी जरा खेळीमेळीनं बोललो. आता जरा गंभीर गोष्ट. आडनाव ही सगळ्यांना सारखी मिळालेली वस्तू नाही. ज्याच्याकडे वतन होतं, त्याच्याकडे वतनाचं नाव होतं. पाटील, कुलकर्णी म्हटलं की चार माणसं उठून जागा देत. पण ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची वस्ती आली, त्याला गावात हाक मारली जाई ती नुसत्या नावानं, आणि पुष्कळदा जातीनं. त्याच्यासाठी गावाचं नाव लावणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्या गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाचं नाव तो बाहेर जाऊन स्वतःपुढे लावत होता.

संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा नावाचं गाव आहे. तिथली एक महार समाजातली मुलगी तमाशाच्या फडावर उभी राहिली आणि पवळा हिवरगावकर या नावानं अख्ख्या महाराष्ट्रात गाजली. तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतात. तिच्या जोडीला कोण, तर पठ्ठे बापूराव. त्यांचं मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. बघा काय झालं. एकानं वतनाचं नाव फडावर येताना बाहेर ठेवलं, आणि एकीनं फडावर येऊन गावाचं नाव मिळवलं. एकाच रंगमंचावर दोन उलट्या वाटा.

तमाशात ही रीत पुढेही चालली. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे चंद्रकांत ढवळपुरीकर. आणि कांताबाई सातारकर. कांताबाईंचा जन्म गुजरातेत, लहानपण साताऱ्यात, आणि आयुष्य गेलं संगमनेरला. संगमनेरात राहिल्या म्हणून त्या संगमनेरकर झाल्या नाहीत. मागं राहिलेलं गावच नावात आलं.

तीच गोष्ट बाबासाहेबांची. सकपाळ हे कूळ, आंबडवे हे गाव, म्हणून आंबडवेकर, आणि शाळेत त्याचं आंबेडकर झालं. 'कर' लागलेल्या आडनावावरून गाव कळतं, जात कळत नाही, निदान लगेच कळत नाही. नगरकरच घ्या. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ब्राह्मो समाजातर्फे बोलायला गेले ते बी. बी. नगरकर. त्यांचेच नातू कादंबरीकार किरण नगरकर, 'सात सक्कं त्रेचाळीस'चे लेखक. आणि 'रामनगरी' लिहिणारे, हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारे राम नगरकर, ते नाभिक कुटुंबातले. आडनाव एक, घरं वेगळी, समाज वेगळे. नगरकरांची एक वंशावळ कुणी काढायला बसला, तर त्याला सांगा, बाबा, हे एक झाड नाही, हे रान आहे.

आता जे आपल्या आडनावाचा शोध घ्यायला निघाले आहेत, त्यांना दोन-तीन सूचना.

पहिली, गावाच्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका. कर्जत आपल्या जिल्ह्यात आहे आणि रायगडातही आहे. बेलापूर श्रीरामपूरजवळ आहे आणि नवी मुंबईतही. अकोलकर अकोल्याचे की आपल्या अकोल्याचे, म्हणजे अगस्तींच्या अकोल्याचे? आणि खुद्द नगरसुद्धा एकटं नाही. कर्नाटकात शिमोग्याकडे बिदनूर नावाची राजधानी होती. हैदरअलीनं १७६३ मध्ये ती घेतली आणि तिला हैदरनगर नाव दिलं. आज ते गाव नुसतं 'नगर' म्हणून ओळखलं जातं. कारवारकडच्या एखाद्या नगरकरांचं नगर ते असू शकतं. इथंही बघा, हैदर गळून गेला आणि नगर राहिलं.

दुसरी सूचना, कुलदैवत विचारा. माणूस गाव विसरतो, पण कुलदैवताची वारी, नवस आणि लग्नानंतरचा गोंधळ सहसा विसरत नाही. तुमचं आडनाव नगरकर आणि घरातले मोहट्याच्या देवीला किंवा कोल्हारच्या भगवतीला जात असतील, तर धागा इकडचाच. तिसरी, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिथं तुमच्या खापरपणजोबांनी येऊन स्वतःच्या तोंडानं गाव आणि कूळ सांगितलेलं असतं. आणि चौथी, मोडी शिका. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद आहेत, पुण्याच्या पेशवे दप्तरात तर त्यांचा डोंगर आहे. वाचणारे हात कमी आहेत.

शेवटाकडे येतो. मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. मग आता नगरकरांनी काय करायचं? मी म्हणतो, काही करायचं नाही. ज्यानं शहर वसवलं त्याचं नाव त्या आडनावात कधी आलं नव्हतं, त्यामुळे ते काढायचीही गरज पडली नाही. पाट्या बदलल्या, दाखले बदलले, नगर तसंच राहिलं.

आणि जिचं नाव आता जिल्ह्याला आहे तिच्याकडे बघा. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक, जन्म १७२५ चा. शिंदे हे माहेरचं कुळाचं नाव. लग्न होऊन होळकर झाली. आणि होळकर म्हणजे कोण? नीरेकाठच्या होळ गावचे. ते घराणंही गाव सोडूनच मोठं झालं. मल्हारराव खानदेशात मामाकडे वाढले, माळव्यात सुभेदार झाले. होळमध्येच राहिले असते, तर कुणी त्यांना होळकर म्हटलं नसतं. अहिल्याबाईंनी तर होळही सोडलं आणि चौंडीही. राज्य केलं ते महेश्वरहून. जिल्ह्याला नाव दिलं ते मात्र शिंदेही नाही आणि होळकरही नाही. जे तिचं स्वतःचं, चौंडीत पाळण्यात ठेवलेलं नाव, ते दिलं. आपल्याकडे बाईचं आडनाव लग्नाबरोबर बदलतं आणि आडनावांच्या सगळ्या इतिहासात, मी आज सांगितलेल्यातही, बायका फार कमी दिसतात. म्हणून ही गोष्ट मला मोलाची वाटते.

तर बडोद्याच्या नगरकरांना माझं उत्तर असं. तुमच्यापैकी कुणी नगर पाहिलेलं नाही, हे तुमच्या आडनावाच्या विरोधात जात नाही. ते त्याला धरूनच आहे. नगरात राहिला असतात तर तुम्ही दुसरेच कोणी असता. कुणीतरी एक जण एका सकाळी बिऱ्हाड बांधून निघाला. का निघाला, दुष्काळानं की कर्जानं की नोकरीच्या आशेनं, ते कदाचित एखाद्या वहीत सापडेल, कदाचित नाही सापडणार. पण तो कुठून निघाला, हे परक्या गावातल्या लोकांनी त्याच्या नावात लिहून ठेवलं, आणि तुम्ही ते आजवर सही करताना लिहिता आहात. एकदा नगरला येऊन जा. एसटीत "एक नगर द्या" एवढंच म्हणा.